मूळ रंग कोणता? जुन्या गाडीचा पत्रा, लांबी आणि रंगजुळणी

(बोरी, ता. जिंतूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



मागच्या वेळी आपण 'तीच वस्तू' म्हणजे नेमकं काय यावर बोलत होतो, आणि मिलिंद राजा व नागसेन यांच्या रथापाशी थांबलो होतो. जे त्या दिवशी नव्हते त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. नागसेन भिक्षू त्या ग्रीक राजाला विचारतो, तू रथातून आलास म्हणतोस, तर रथ कोणता? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग या सगळ्यांवेगळा रथ कुठे आहे? तोही दाखवता येत नाही. शेवटी राजा म्हणतो, हे भाग एकत्र आले की त्यांना आपण व्यवहारात 'रथ' म्हणतो, एवढंच.

व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "सर, रथाचं राहू द्या. माझ्याकडं वडिलांची फियाट आहे, सत्तरच्या आसपासची. ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घेताना डाव्या मागच्या दाराला लागली. एक गॅरेजवाला म्हणतो, सगळी गाडी घासून नवा कलर मारू. दुसरा म्हणतो, एवढं दार मारून देतो, कुणाला कळणार बी नाही. तुमचं तत्त्वज्ञान काय म्हणतं?" मला हा प्रश्न रथापेक्षा बरा वाटला. रथाला गंज लागत नाही. निदान नागसेनाच्या रथाला तरी लागलेला दिसत नाही. गाडीला लागतो. म्हणून आजचा सगळा वेळ या दाराला देऊ.

मी डेंटर नाही, पेंटर नाही. पण नोकरीच्या काळात बरीच वर्षं एकच फियाट वापरली आणि तिच्या निमित्ताने गॅरेजच्या बाकावर बसून पुष्कळ बघितलं. ग्रंथालयात बसून कळलं नसतं असं बरंच काही तिथं कळलं.

आधी गाडीविषयी थोडं. फियाट ११०० आपल्याकडे कुर्ल्याला बनत असे. कारखाना प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा, म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या कंपनीचा. १९६० च्या दशकात 'डिलाइट' आली, पुढे १९७० च्या दशकात तिचं नाव 'पद्मिनी' झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्या देशाने जी बघितली ती हीच. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. आता ज्या उरल्या त्या घरोघरच्या, वडिलांच्या, आजोबांच्या.

या गाडीची एक गोष्ट दुरुस्तीआधी डोक्यात पक्की पाहिजे. जीपला खाली वेगळी चासी असते, तिच्यावर बॉडी ठेवलेली असते. फियाटला तशी चासी नाही. बॉडी हीच तिची चासी. तळाचा पत्रा, दाराखालची लांब पेटीसारखी पट्टी जिला गॅरेजवाले सिल म्हणतात, दारांमधले खांब, या सगळ्यांनी मिळून गाडीचं वजन तोललेलं असतं. अँबेसेडरचंही तसंच. म्हणजे दाराच्या पत्र्याचा पोचा हा बव्हंशी दिसण्याचा प्रश्न आहे, पण सिल गंजलं असेल तर तो गाडी उभी राहण्याचा प्रश्न आहे. दोन्हींवर वरून रंग सारखाच बसतो, आणि तिथेच फसगत होते.

आता पोचा. पत्रा साधारण २० गेजचा, म्हणजे मिलिमीटरपेक्षा किंचित कमी जाडीचा. त्याला मार बसला की दोन गोष्टी होतात. तो वाकतो आणि काही ठिकाणी ताणला जातो. वाकलेला भाग परत येतो, ताणलेला आपण होऊन येत नाही. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करताना कुणी बघितलं असेल, हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला तांबं थोडं पसरतं आणि कडकही होतं. तांबटाला ते पसरणं हवं असतं. डेंटरला नको असतं. म्हणून चांगला डेंटर आत डॉली धरतो, म्हणजे हातात मावणारा घडीव लोखंडी ठोकळा, आणि बाहेरून हातोडी हलक्या हाताने चालवतो. आडदांडपणे आतून ठोकत सुटला तर पत्रा पसरतो, मग तो आपल्या जागेत मावत नाही, आणि बोटाने दाबला की टक्कन आत जातो, सोडला की टक्कन बाहेर येतो. तसं झालं तर तेवढीच जागा गॅसने लाल करून ओल्या फडक्याने थंड करतात; पत्रा आवळतो. हे काम ज्याला जमतं तो उस्ताद.

क्रमही महत्त्वाचा. मार बसताना पत्रा ज्या क्रमाने वाकला, त्याच्या उलट क्रमाने तो सोडवायचा. पोचाच्या मध्यभागी सगळ्यात खोल खड्डा दिसतो, म्हणून नवशिका तिथेच ठोकतो. पण तो खड्डा अडकून बसलेला असतो भोवतीच्या उंचवट्यांमुळे, आणि ते उंचवटे शेवटी तयार झालेले असतात. ते आधी हलके बसवले की मधला खड्डा निम्मा आपोआप वर येतो. धाग्याचा गुंता सोडवताना तुमच्या घरातल्या बायका शेवटची गाठ आधी शोधतात, तेच.

यानंतर येते लांबी. आजचे पोरं पुट्टी म्हणतात, जुने लोक लांबी. लांबीला मी शिव्या देणार नाही. हाताने सरळ केलेल्या पत्र्यावर बारीक लाटा राहतातच, त्या भरायला दोनेक मिलिमीटरपर्यंत लांबी चालते, तिचं काम तेच आहे. पण पोचा न काढताच तो लांबीने भरून टाकायचा, किंवा गंजाने भोक पडलं तर मागून जाळी लावून वरून लांबी लिंपायची, हा वेगळा प्रकार झाला. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो आतून फुगतो आणि वरच्या रंगाला फोड आणतो. फोड घासून वर लांबी मारली तर आतल्या गंजाला वारा लागत नाही, पाणी मात्र लागतं, कारण ही लांबी ओल धरते. म्हणून लांबी कोरडीच घासायची. पाणपेपर प्रायमरच्या नंतर. वर्षभर गाडी फक्कड दिसते आणि दुसऱ्या पावसाळ्यात तोच फोड मोठा होऊन येतो.

तपासायला मोठं यंत्र लागत नाही. छोटा लोहचुंबक पातळ रुमालात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे खाली जाड लांबी आहे. बोटाच्या पेराने वाजवा, पत्रा ठणठणतो, लांबी ठपठपते. आपल्या भागाचा एक फायदा असा की हवा कोरडी, समुद्र लांब, त्यामुळे परभणी-जिंतूरकडे आयुष्य काढलेल्या गाड्यांचे तळ मुंबईच्या गाड्यांपेक्षा शाबूत सापडतात. इथे गाडीला खातं ते ऊन. पण काळ्या मातीचा चिखल दाराच्या आतल्या तळाशी आणि सिलच्या पोटात जाऊन बसतो, दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला जी बारीक भोकं असतात ती बुजवतो, आणि मग कोरड्या हवेतसुद्धा आत ओल टिकते. दुरुस्तीआधी दाराच्या आतलं पॅड काढून ही भोकं बघा. गंज असेल तर चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापायचं आणि तेवढाच नवा पत्रा जोडायचा. टाके लांब-लांब द्यायचे, मध्ये थंड होऊ द्यायचं, नाहीतर उष्णतेने दार मुरडतं. वेल्डिंगवर याहून जास्त मी बोलणार नाही, ते हाताचं काम आहे.

आता रंग. इथे मला जरा रेंगाळू द्या.

पहिली गोष्ट, गाडीवर कोणत्या जातीचा रंग आहे हे कळल्याशिवाय डबा उघडायचा नाही. थिनरमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं आतल्या कडेला, न दिसणाऱ्या जागी घासून बघा. रंग विरघळून फडक्यावर आला तर तो एन.सी., म्हणजे नायट्रोसेल्युलोज. सुरकुत्या पडून उकलला तर सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही तर भट्टीत भाजलेला किंवा हार्डनर घातलेला आजचा पीयू. चुकीच्या जातीचा रंग वर मारला तर खालचा उठतो आणि केलेली सगळी मेहनत घासून काढावी लागते.

हा एन.सी. आपल्या ओळखीचा निघाला तर नवल वाटू देऊ नका. तो बनतो कापसापासून. सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू नायट्रिक आम्लात मुरवले की त्यातून तो पदार्थ मिळतो. बोरीच्या शेतात जो उभा आहे त्याचाच हा दूरचा नातेवाईक. १९२० च्या दशकात अमेरिकेत हा 'ड्यूको' नावाने मोटारींवर आला आणि मोटारीचा इतिहासच बदलला. त्याआधी गाडी व्हार्निशने रंगवत आणि ती वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे जात. हेन्री फोर्डच्या टी मॉडेलला १९१४ ते १९२५ पर्यंत फक्त काळा रंग मिळायचा, त्यामागे कारखान्याच्या वेगाचंच गणित होतं. ड्यूको काही मिनिटांत हाताला कोरडा लागतो, म्हणून रंगीत गाड्या झपाट्याने बनू लागल्या. आपल्याकडे अजूनही जुने पेंटर सगळ्याच चकचकीत रंगकामाला 'ड्यूको' म्हणतात.

एन.सी. वाळतो म्हणजे नुसता त्यातला थिनर उडून जातो. पुन्हा थिनर लागला की तो पुन्हा विरघळतो. त्यामुळे नवा थर जुन्यात मिसळतो, आणि चूक झाली तर मागे येता येतं. पीयूमध्ये हार्डनरबरोबर रासायनिक क्रिया होऊन रंग कायमचा घट्ट होतो. टिकाऊ आहे, पण परतीची वाट बंद. आणि त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसाला फार वाईट. तोंडाला रुमाल बांधून पीयू मारणारी पोरं मी बघितली आहेत. त्यांना योग्य मास्क घेऊन देणं ही गाडीच्या मालकाची जबाबदारी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तसंच जुन्या लाल-पिवळ्या रंगात आणि प्रायमरमध्ये शिशाचे क्षार असू शकतात, तो रंग कोरडा घासून धूळ उडवू नका.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या गृहस्थांची गाडी फिकट निळसर राखाडी आहे. तिच्या जुळणीचा रंग कोणता? तुम्ही म्हणाल, कंपनीचा जो असेल तो. समजा, कारखान्यातल्या त्याच रंगाचा बंद डबा कुठूनतरी मिळाला आणि दारावर मारला. दार उठून दिसेल, ठिगळासारखं. कारण बाकीची गाडी पन्नास उन्हाळे खाऊन बसली आहे. पेट्रोलच्या झाकणाच्या आत, दाराच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या मागे बघा, तिथे कारखान्याचा रंग सावलीत जपलेला असतो. तो आणि टपावरचा रंग शेजारी ठेवले तर भावंडं वाटतात, जुळी नाही. टप आणि बॉनेट सगळ्यात जास्त उडालेले, दारांचा खालचा भाग कमी. गाडी अंगणात रोज एकाच दिशेला तोंड करून उभी राहत असेल तर डावी-उजवी बाजूही वेगळी. मग 'गाडीचा रंग' हा एकवचनी शब्द आपण कशाच्या जोरावर वापरतो?

आपल्या नैयायिकांना हा पेच ठाऊक होता. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात रंग सात सांगितले आहेत. पांढरा, निळा, पिवळा, तांबडा, हिरवा, कपिश म्हणजे तपकिरी, आणि सातवा 'चित्र'. हा सातवा कशाला? तर त्यांचं म्हणणं असं की एका वस्तूचा रंग तिला संपूर्ण व्यापून असला पाहिजे. मग ठिपक्यांच्या कापडाचा रंग कोणता? निळा म्हणावा तर सगळं निळं नाही. म्हणून ते म्हणाले, अशा कापडाचा रंग 'चित्र' हाच एक स्वतंत्र रंग. हे ऐकून विद्यार्थी हसायचे. पण जुन्या गाडीपुढे उभे राहा, चित्ररूप दिसतं. आरटीओच्या आरसी बुकात रंगाचा एकच रकाना असतो आणि त्यात 'चित्र' लिहिता येत नाही, ही अडचण अन्नंभट्टाची नव्हे.

तेव्हा निर्णय असा. दार जुळवायचं ते डब्याशी नाही, झाकणाखालच्या रंगाशीही नाही, तर त्याच्या शेजाऱ्यांशी. पुढचं दार आणि मागचं मडगार्ड. आणि तेही धुऊन, थोड्या जागेवर रबिंग कंपाउंड फिरवून. उन्हाने रंगाचा वरचा थर मरतो, हात फिरवला तर चुन्याच्या भिंतीसारखी भुकटी तळव्याला लागते. त्या मेलेल्या थराशी रंग जुळवला आणि पुढच्या महिन्यात गाडी पॉलिश केली तर नवं दार एकटं फिकट पडेल.

रंग मिसळायला सुरुवात करताना आधी नाव विसरा. पहिला प्रश्न फक्त उजळ की गडद. डोळे किलकिले करून बघा, किलकिल्या डोळ्याला रंग कमी कळतो पण उजेड-अंधार नीट कळतो. ते जुळलं की दुसरा प्रश्न, कोणत्या बाजूला झुकतोय, निळ्याकडे की हिरव्याकडे. तिसरा, किती भडक, किती मळकट. अमेरिकन चित्रकार मन्सेलने १९०५ मध्ये रंगाचं वर्णन याच तीन मापांत मांडलं, आणि पेंटर लोक ते पुस्तक न वाचता तसंच करतात. नेहमी उजळ रंगात गडद रंग थेंबाथेंबाने घालायचा. उलटं केलं तर एका डब्याच्या जागी चार डबे रंग तयार होतो आणि जुळत नाही तो नाहीच. राखाडीची एक खुबी सांगतो. पांढऱ्यात नुसता काळा घातला तरी राखाडी किंचित निळसर दिसते. म्हणून निळा घालायची घाई नको. आणि जुनी गाडी जरा पिवळसर झालेली असते, तिथे पिवळ्या मातीच्या रंगाचे एक-दोन थेंब जे करतात ते निळ्याचा अख्खा चमचा करत नाही. नवेपणा जातो त्या थेंबांनी.

बोटाने लावलेल्या ठिपक्यावर विश्वास ठेवू नका. ओला रंग आणि वाळलेला रंग एक दिसत नाहीत, आणि हाताने लावलेला व गनने मारलेलाही एक दिसत नाही. पत्र्याचे पोस्टकार्डाएवढे तुकडे घ्या, त्यांना दारावर असेल तोच प्रायमर द्या, दारावर देणार तेवढेच हात मारा, वाळू द्या, घासा, आणि मग दाराशेजारी उभा धरा. आडवा नाही, उभा. उजेड वेगळ्या कोनातून पडला की रंग बदलतो. प्रत्येक तुकड्याच्या मागे थेंबांचा हिशेब लिहा.

आणि हे सगळं कोणत्या उजेडात? इथे बसलेल्या प्रत्येक बाईला उत्तर माहीत आहे. मॅचिंग सेंटरमध्ये साडीवर ब्लाउजपीस ठेवला, ट्यूबलाइटखाली दोन्ही आमसुली दिसले, तरी बाई दुकानदाराला म्हणते, जरा दारात आणा. उन्हात एक आमसुली राहतो आणि दुसरा जांभळा निघतो. दुकानदाराने फसवलेलं नसतं. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असतात, एका उजेडात ते डोळ्यापर्यंत सारखाच परिणाम पोचवतात, दुसऱ्या उजेडात नाही. गाडीच्या रंगाचंही हेच. पन्नास वर्षांपूर्वीची रंगद्रव्यं आज त्याच रूपात मिळतील असं नाही, त्यामुळे सगळ्या उजेडांत जुळणी हा हट्ट धरू नका. सकाळच्या उन्हात, झाडाच्या सावलीत आणि संध्याकाळी दिव्याखाली बघा, आणि ज्या उजेडात गाडी जास्त वेळ असते त्यात जुळवा. मोठ्या शहरांत आता रंग मोजायची यंत्रं आहेत, ती चांगलं सुरुवातीचं प्रमाण देतात. शेवटचे दोन थेंब डोळ्याने.

आता खरा वाद. आजकालची पद्धत अशी की दार रंगवताना शेजारच्या दारावरही हलका फवारा विरवत न्यायचा. डोळ्याची रचनाच अशी आहे की त्याला कड लगेच दिसते, पण हळूहळू होत गेलेला बदल दिसत नाही. युक्ती शंभर टक्के चालते. "कुणाला कळणार बी नाही" म्हणणारा गॅरेजवाला हेच करणार. मी म्हणतो, करू नका. शेजारच्या दारावर १९७० चा रंग अजून जिवंत आहे. आपलं दार शोभावं म्हणून त्याच्यावर फवारा मारायचा म्हणजे एका ट्रॉलीने एक दार खराब केलं, आपण दुसरं केलं. दोन दारांमध्ये फट आहे, खांब आहे, डोळा तिथे अडतोच. केसभर फरक राहिला तर राहू द्या.

आणि पहिला गॅरेजवाला, सगळी गाडी घासून नवी करणारा? त्याला मी वैशेषिक म्हणतो. कच्चं काळपट मडकं भट्टीत लाल होतं तेव्हा काय होतं यावर वैशेषिक आणि नैयायिक यांचा जुना वाद आहे. वैशेषिक म्हणतात, मडकं परमाणूंपर्यंत मोडतं, परमाणू लाल होतात, आणि त्यांचं नवं मडकं बनतं. नैयायिक म्हणतात, मडकं तेच राहतं, रंग तेवढा बदलतो. गंमत अशी की वैशेषिकांच्या हिशेबाने भट्टीतून बाहेर येतं ते दुसरंच मडकं असतं. सगळी गाडी घासून, पत्र्यापर्यंत नेऊन रंगवली तर ती सुंदर दिसेल यात शंका नाही. तळापासून गंजलेल्या गाडीला दुसरा उपाय नसतो, तिथे मीही तेच सांगेन. पण एका दारासाठी? कारखान्याचा रंग एकदाच असतो. तो गेला की कितीही पैसे देऊन परत येत नाही.

हे फक्त भावनेचं नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांची सोय केली. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात जपलेली, मोठे फेरफार न झालेली. आणि मोठे फेरफार म्हणजे काय हे सांगताना चासी, बॉडी शेल आणि इंजिनातले बदल यांची नावं घेतली आहेत. अशा गाडीच्या नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती रस्त्यावर आणता येत नाही. या गृहस्थांना तसा नंबर हवा की नको, तो त्यांचा प्रश्न. पण 'मूळ रूप' हा शब्द आता कायद्यात आला आहे, आणि आजची दुरुस्ती उद्या त्या शब्दापुढे उभी राहू शकते.

मग दुरुस्ती दिसू द्यायची की लपवायची? रोममध्ये १९३९ मध्ये कलाकृतींच्या जतनासाठी एक सरकारी संस्था निघाली, चेझारे ब्रांडी तिचे पहिले संचालक. त्यांनी जुन्या भित्तिचित्रांतल्या गेलेल्या जागा भरायला एक रीत बसवली. तिथे बारीक उभ्या रेघांनी रंग भरायचा. लांबून चित्र अखंड दिसतं, जवळ गेलं की कुठे नवं आहे ते रेघांवरून कळतं. आपल्या तालुक्यात चारठाण्याला इतकी जुनी देवळं आहेत. तिथल्या कोरीव दगडाशेजारी सिमेंटचा गुळगुळीत थापा दिसला की मला ब्रांडी आठवतो. गाडीच्या दारावर रेघा ओढा असं मी म्हणत नाही, लोक हसतील. गाडीची रेघ कागदावर ओढायची. काम सुरू होण्याआधी दाराचे फोटो, पत्रा कापला तर कापलेल्या जागेचा फोटो, लांबी लावण्याआधीचा उघड्या पत्र्याचा फोटो, रंगाची जात, थेंबांचं प्रमाण, तारीख. आणि दाराच्या आतल्या बाजूला, पॅडखाली, जुन्या रंगाचा तळहाताएवढा चौकोन न घासता तसाच सोडायचा.

(श्रोत्यांतून प्रश्न: "सर, उद्या गाडी विकायची झाली तर गिऱ्हाइकाला हे सगळं सांगायचं? भाव पडेल ना!")

थोडा पडेल. पण घेणारा चुंबक घेऊन आला तर काय कराल? ज्याला जुन्या गाडीतलं कळतं तो दाराला लांबी किती आहे हे न विचारता बघतो, आणि एक लपवलेली जागा सापडली की बाकीच्या न लपवलेल्या जागांवरही त्याचा विश्वास बसत नाही. उघड्या पत्र्याचा फोटो हातात असेल तर तो दारावरून पुढे जातो. ज्याला कळत नाही त्याला सांगणं तर जास्तच गरजेचं, कारण सिलमधला गंज झाकून विकलेल्या गाडीत त्याची लेकरं बसणार आहेत.

(दुसरा प्रश्न: "काम कधी करावं?")

पावसाळ्यात नको. थिनर उडताना पत्रा गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर बसते आणि एन.सी.वर पांढरट धुकं येतं. एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारीही नको, चाळिशीच्या पुढच्या उन्हात रंग पत्र्यावर पोचेपर्यंत हवेतच सुकतो आणि वाळूसारखा खरखरीत बसतो. दिवाळीनंतर ते शिमग्याआधीपर्यंत, दव उतरल्यावर सकाळी नऊ-दहाला. आपल्याकडे धूळ बेसुमार, म्हणून आधी जमिनीवर पाणी मारून घ्या. एका जाड हातापेक्षा अनेक पातळ हात द्या, मध्ये वाळू द्या. आणि रंग झाल्यावर लगेच मेण-पॉलिश घासायला बसू नका. वरून कोरडा लागला तरी आतला थिनर निघायला काही आठवडे लागतात. तोवर गाडी नुसती साध्या पाण्याने धुवा. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात ठेवून वर तारीख टाका.